टाकाऊचा तुटवडा

यंदा लेक शाळेतून फर्मान घेऊन आली: ख्रिसमस ट्रीवर विकतचं काही लावायचं नाही, घरातल्या टाकाऊ वस्तूंपासूनच सजावट करायची. वसईत डिसेंबर लागला की घरोघरी गोठ्याची आणि कंदिलांची गडबड असते, त्यात ही भर. बायको "छान, खर्च वाचला" म्हणाली आणि करंज्या लाटायला बसली. म्हणजे काम माझ्या गळ्यात.

काम अवघड नव्हतं. फक्त आमच्या घरात टाकाऊ असं काही सापडेना. घरात आईचं राज्य. श्रीखंडाच्या डब्यात रवा, आइस्क्रीमच्या डब्यात सुकट, जॅमच्या बाटलीत लोणचं. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून रद्दीवाल्यासाठी राखीव. मी बाटल्यांची झाकणं मागितली तर "मग बाटलीला काय लावू, तुझं डोकं?" अंड्यांच्या ट्रेला हात घातला तर त्यात लसूण नांदत होता. जुने मोजे मागायची सोयच नव्हती, ते माझ्याच पायात होते. शेवटी कचरा हवा म्हणून मी कोल्ड्रिंकच्या बाटल्या विकत आणल्या आणि बापलेकीने पोट फुगेस्तोवर पिऊन रिकाम्या केल्या. त्या रिकाम्या बाटल्याही आईने पाणी भरून फ्रीजमध्ये लावल्या. झाकणांसकट.

पूर्वी युरोपात या झाडावर सफरचंदं नि अक्रोड टांगायचे. १८४०च्या दशकात जर्मनीतल्या लाउशा गावात काचेचे गोळे बनायला लागले. सफरचंदाला पैसे नव्हते म्हणून एका गरीब कारागिराने काच फुंकून तशीच फळं केली, अशी दंतकथा आहे. मला वाटतं सफरचंदं घरात होती, त्याच्या आईने हात लावू दिला नसणार.

अखेर दोनच गोष्टींवर आईने पाणी सोडलं. बाबांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि जुन्या लग्नपत्रिका. पाकिटं चकाकतात झकास, पण कापताना कडा बोटात घुसतात. शिवाय त्यांच्या चांदण्या केल्या की झाडाजवळ येणाऱ्या कुणालाही बाबांचं बीपी, शुगर आणि ॲसिडिटी क्रमाने वाचता येते. ग्लू गन, सोनेरी स्प्रे नि चमकी बाजारातून आली. तो हिशेब बायकोने मांडू नये म्हणून पावती मीच गिळायची बाकी ठेवली.

पत्रिकांचं काम जोखमीचं. कोपऱ्यातल्या गणपतीला कात्री लागता कामा नये, म्हणून मी कडेकडेने कापत गेलो. त्यामुळे एका ताऱ्यावर "आमच्या काकाच्या लग्नाला", दुसऱ्यावर "यायचं हं", तिसऱ्यावर नुसताच "गोरज मुहूर्त". लेक म्हणाली, "बाबा, हे झाड आहे की हॉल?"

आणि झाड तरी कसलं, सुरूची फांदी. वाळूच्या बादलीत उभी केली की दिसते ऐटबाज, पण तिची पानं म्हणजे सुतळीचे दोरे. काहीही अडकवा, घसरत टोकाला येतं आणि तिथून सटकतं. मी एक तारा लावायचो, दोन पडायचे. शेवटी गोधडीच्या जाड दोऱ्याने सगळे खोडालाच करकचून बांधले. आईने दोरा दिला, पण "सोडवून परत दे" या बोलीवर.

नाताळच्या दुपारी शेजारच्या काकू फराळाचं ताट घ्यायला आल्या. चष्मा लावून झाडाचं कौतुक करता करता एका ताऱ्यापाशी थबकल्या. वाकून वाचलं. "चि. सौ. कां." नंतरचं अर्धं नाव त्यांच्याच लेकीचं होतं.

आम्ही त्या लग्नाला गेलो नव्हतो. तोंडाला येईल ते कारण मी शोधत होतो, तेवढ्यात काकू ताट उचलत म्हणाल्या, "लग्नाला आला नाहीत, पण पत्रिका बाकी जपून ठेवलीत हो!" आणि बाजूच्या ताऱ्याला जरा उलटं करून, मागे आणखी काय छापलंय ते बघून गेल्या.