प्रतिक्रियेला उत्तर: ओंकारेश्वरची चौपड आणि 'ब्रोशर'

तर्कवादी, तुमची भलीमोठी कमेंट वाचली. बाकीच्यांसाठी सांगतो, नर्मदेवरच्या ओंकारेश्वर ज्योतिर्लिंगाच्या लेखात मी लिहिलं होतं की रात्रीच्या शयन आरतीनंतर महादेव-पार्वतीसाठी चौपड, म्हणजे सारीपाट, मांडतात आणि सकाळी फासे हललेले सापडतात. त्यावर यांचं म्हणणं, 'हे तुम्ही पाहिलंत का? सुशिक्षित माणसाने असलं पर्यटनाचं ब्रोशर लिहू नये.' पुढे समोरच्या तीरावरचं मामलेश्वर, विंध्याची कथा, शंकराचार्य, इंदूरपासूनचं अंतर वगैरे वगैरे.

मुद्दा मांडा ना, कोण नाही म्हणतंय, पण 'सुशिक्षित माणसाने' ही काय भाषा झाली? आणि ब्रोशर? अहो ब्रोशर लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, इथे होस्टिंगचे पैसे मी खिशातून भरतो.

आमच्या घरात श्रावणात ओंकारेश्वर म्हणजे नेमच होता. मीटरगेजच्या गाडीने पातालपाणी, कालाकुंड करत ओंकारेश्वर रोडला उतरायचं, पुढे मिळेल त्या गाडीने, आजी तर नर्मदेत डोकं बुडवल्याशिवाय चहासुद्धा घ्यायची नाही. शयन आरतीला मी स्वतः उभा राहिलोय, पाळणा लावतात, चौपड मांडतात, फासे ठेवतात आणि दार लागतं, हे या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही कधी गेलायत? कमेंटवरून तरी वाटत नाही. फासे कोण हलवतं हा प्रश्न मलाही पडला होता, पण तो पुजाऱ्याला तिथे पायरीवर उभं राहून विचारायचा नसतो एवढी अक्कल आम्हाला आहे. दंतकथा आहे ती, मी काय कोर्टात ॲफिडेव्हिट दिलंय? प्रत्येक ओळीत 'म्हणे' लिहायचं तर लेख वाचणार कोण, तुम्ही?

मामलेश्वरला मी दोन ओळींत गुंडाळलं, मान्य. दक्षिण तीरावरचं ते जुनं देऊळ, भिंतीवर १०६३ सालचं हलायुध स्तोत्र कोरलेलं, अहिल्याबाईंच्या काळापासून तिथे मातीची (पार्थिव) लिंगं करून पूजा चालत आलेली, जास्त लिहायला हवं होतं. पण म्हणून 'खरं ज्योतिर्लिंग तेच, ओंकारेश्वर नाही' हा निकाल तुम्ही कोणत्या अधिकाराने देताय? नारदाने मेरूचं कौतुक केलं म्हणून विंध्य चिडून तपाला बसला आणि शेवटी एका लिंगाची दोन झाली, असं शिवपुराणातच आहे. देवाने दोन्ही तीर सांभाळले, भांडण तुमचं चालू.

विंध्य आणि शंकराचार्यांबद्दलच्या तुमच्या बाकी ओळींना उत्तर देत नाही, त्यात मुद्दा कमी आणि टोमणे जास्त आहेत. अंतर मी इंदूरच्या सरवटे बसस्टँडपासून धरलंय, तुम्ही कुठून मोजलंत ते तुम्हालाच ठाऊक. यापुढे कमेंट जरूर करा, पण आधी लेख शेवटपर्यंत वाचा, चौपडीचा परिच्छेद तिसराच आहे आणि तुमचा राग तिथेच संपलेला दिसतोय.