बँडमास्तरांचं घराणं

इंग्लंडचे कॉर्नेटवादक हॅरी मॉर्टिमर यांच्यावरचा तुमचा लेख दोनदा वाचला. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य) वाजवायचे, म्हणून जास्तच भिडला. सीझनमध्ये त्यांच्या वरच्या ओठावर माउथपीसचं लालसर वर्तुळ उमटलेलं असे. घरी आले की पाण्याची कळ दाबून नळीतलं पाणी आधी अंगणात झटकायचे, मग चहा.

एक गोष्ट लेखात यायला हवी होती. हॅरी घडले ते वडिलांच्या, फ्रेड मॉर्टिमर यांच्या तालमीत. इंग्लंडातल्या चेशायरमधल्या फोडेन या वाफेच्या ट्रक बनवणाऱ्या कारखान्याच्या बँडमध्ये ते वाजवायचे. फ्रेड बँडमास्तर, हॅरी कॉर्नेटवर, भाऊ अलेक्स युफोनियम या मोठ्या, खर्जातल्या पितळी वाद्यावर, दुसरा भाऊ रेक्सही त्याच बँडमध्ये. १९३२ ते ३४ सलग तीन वर्षं ब्रास बँडच्या स्पर्धेत राष्ट्रीय विजेते. सलग तीनदा जिंकल्यामुळे नियमानुसार १९३५ला बाहेर बसावं लागलं, आणि १९३६ ते ३८ पुन्हा तेच! काय तयारी असेल हो!

तिकडच्या ब्रास बँडमध्ये आपल्यासारखी क्लॅरिनेट नसते, तालवाद्यं सोडली तर सगळी पितळी वाद्यं. त्यातही कॉर्नेटपासून ट्यूबापर्यंत जवळपास सगळ्यांचं नोटेशन ट्रेबल क्लेफ या एकाच लिपीत, त्यामुळे कळांवरची बोटं तीच राहतात आणि कॉर्नेटवर शिकलेला कामगार उद्या युफोनियम धरू शकतो. कारखान्यातले बँड टिकले त्यात याचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

१९४२मध्ये हॅरी बीबीसीत बँड विभागाचे प्रमुख झाले आणि हे संगीत रेडिओवरून घराघरांत गेलं. त्या काळाबद्दल अजून लिहा, प्लीज.