हलवायाच्या घरावर पीडीएफचं तुळशीपत्र

'वाचनसंस्कृती वाढवूया! ५०० मराठी पुस्तकांच्या पीडीएफ खास आपल्यासाठी!' अशा थाटाचा मेसेज दर काही महिन्यांनी गटागटांतून फिरतो. सोबत ड्राइव्हची लिंक, आणि कुणी हरकत घेतलीच तर ठरलेली उत्तरं: आम्ही पैसे घेत नाही म्हणून हा गुन्हा नाही, शैक्षणिक वापराला कॉपीराइट लागू नसतो, लेखकाची उलट जाहिरातच होते, मोठमोठ्या कंपन्या चोरतात ते चालतं का, आणि ही पुस्तकं नाहीतरी बाजारात मिळतात कुठे? यातल्या शेवटच्या मुद्द्यात दम आहे. बाकीचे चार सोयीचे आहेत, एवढंच.

पैशांचं आधी बघू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५१ नुसार धंद्यासाठी बेकायदा प्रती वाटणं हे उल्लंघन आहेच, पण हक्कदाराला झळ बसेल इतक्या प्रमाणात वाटणं हेही उल्लंघनच. जाणूनबुजून केलं तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्याचा फायदा नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. 'फुकट वाटलं' याला कायद्यात एवढीच किंमत आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. उद्या गटाच्या ॲडमिनला पोलीस उचलून नेतील असं मी म्हणत नाही. नेणार नाहीत, आणि न्यावं असं मलाही वाटत नाही. पण 'गुन्हाच नाही' ही थाप आहे. 'टेलिग्रामवर कोणाला कळतंय' हीसुद्धा. स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेचं साहित्य टेलिग्राम चॅनलांवर परवानगीशिवाय फिरत होतं, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांचे तपशील द्यायला लावले.

'शैक्षणिक वापर' या शब्दांचा मंत्रासारखा उपयोग होतो. काही जण तर खाली 'कॉपीराइट कायदा १९७६, कलम १०७' असंही डकवतात. तो कायदा अमेरिकेचा आहे! आपल्याकडे शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सूट आहे, आणि दिल्ली विद्यापीठाजवळच्या फोटोकॉपीच्या दुकानाच्या खटल्यात २०१६ साली न्यायालयाने ती बरीच उदारपणे लावली. परदेशी प्रकाशकांनी पुढे दावा मागे घेतला, याचा मला आनंदच झाला होता. पण तिथे अभ्यासक्रमातले उतारे होते आणि ते वाचणारे विद्यार्थी होते. सोसायटीच्या गटावर 'सुप्रभात'च्या पाठोपाठ आलेली अख्खी कादंबरी त्यात बसवायची कशी?

आता जाहिरात. मराठीत ललित पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती निघाली तर बरी म्हणायची. पाचशेची, त्याहून कमीचीही निघते. व्हॉट्सॲपच्या एका गटात १०२४ माणसं मावतात. म्हणजे एका फॉरवर्डमध्ये अख्ख्या आवृत्तीइतक्या प्रती. त्यातले काही जण नंतर पुस्तक घेतातही, नाही असं नाही. पण स्वतःची अशी जाहिरात करायची की नाही, हे लेखकाने ठरवायचं.

आणि ही जाहिरात दिसते कशी, तेही बघण्यासारखं आहे. असली एक पीडीएफ उघडली. पानं तिरकी, कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, मधेच वाचनालयाचा गोल शिक्का आणि दाखल क्रमांक. प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती आणि हक्क छापलेलं पान तेवढं गायब. प्रत्येक पानावर मात्र फिकट अक्षरांत संकलकाचं नाव, आणि शेवटी विनंती: 'कृपया नाव न काढता पुढे पाठवा.' श्रेय किती महत्त्वाचं असतं ते या गृहस्थांना चांगलं कळतं, फक्त स्वतःच्या बाबतीत.

कंपन्यांचा मुद्दा मात्र पीडीएफ वाटणाऱ्यांवरच उलटतो. अमेरिकेत लेखकांनी अँथ्रोपिक या एआय कंपनीवर दावा केला. विकत घेतलेली पुस्तकं स्कॅन करून त्यांवर मॉडेल शिकवणं न्यायाधीशांनी जून २०२५ च्या निकालात चालवून घेतलं. पायरसीच्या साठ्यांतून उतरवून जमवलेली लाखो पुस्तकं नाही. पुढे कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. कंपनीला चोर म्हणायचं आणि तसल्याच साठ्याची मराठी शाखा आपण ड्राइव्हवर उघडायची, हे कसं जमतं?

राहता राहिलं 'मिळतच नाही'. हे खरं आहे आणि संतापजनक आहे. चांगली पुस्तकं वर्षानुवर्षं छापली जात नाहीत, प्रकाशक 'बघू' म्हणतो, वारसांचा पत्ता नसतो. पण त्या पाचशेंच्या यादीत अशी पुस्तकं किती? यादीत वर असतात ती कुठल्याही दुकानात मिळणारी, खपाऊ. पु. ल. देशपांडे २००० साली गेले; त्यांच्या लेखनाचे हक्क २०६० संपेपर्यंत आहेत, आणि त्यांची पुस्तकं मिळत नाहीत असं कोण म्हणेल?

खरोखर मोकळी पुस्तकं आहेत की. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, असा आपला हिशेब. (आधी पन्नास होती, रवींद्रनाथांचे हक्क संपायची वेळ आली तेव्हा वाढवली.) साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून हयातीत प्रसिद्ध झालेलं त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं. ह. ना. आपटे, गडकरी, बालकवी तर केव्हाचेच मोकळे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. मराठी विकिस्रोतावर, म्हणजे मोकळ्या पुस्तकांच्या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात, मुद्रितशोधन करायला माणसं हवीच आहेत.

मधल्या, अडकलेल्या पुस्तकांसाठीही कायद्यात वाटा आहेत, आणि त्या फारशा कुणी वापरत नाही. कलम १९ वाचा: मे १९९५ नंतर हक्क लिहून देताना करारात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे जुन्या प्रकाशकाच्या कपाटात अडकलेत असं वाटणारे हक्क लेखकाकडे किंवा त्याच्या मुलांकडे कधीच परत आलेले असू शकतात. हक्कदार सापडतच नसेल तर कलम ३१-अ खाली अर्ज करून परवाना मागता येतो. पाचशे फाइली एका झिपमध्ये कोंबण्यापेक्षा हे किचकट आहे, कबूल. एका पुस्तकामागे जुना करार शोधायचा, लेखकाच्या मुलीला फोन करायचा, तिच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्यायचं. पण पुष्कळ घरांतून 'वाटा की, कुणी विचारलंच नाही आजवर' असंच उत्तर येईल, असा माझा अंदाज आहे.