बारा टेट्रा आणि एक पाहुणा

फिश टँक घरी आला लेकीच्या हट्टामुळे आणि आता तो माझ्या एकट्याच्या गळ्यात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दुकानदार म्हणाला, साहेब निऑन टेट्रा कळपातला मासा आहे, सहाच्या खाली न्याल तर नुसता कोपऱ्यात दबून बसेल. मी दिलदारपणे बारा घेतले. आता बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, निळी रेघ, शेपटाकडे लाल, आणि सगळे एकदम उजवीकडे, एकदम डावीकडे, मी आठपर्यंत येतो न येतो तोच सगळे वळतात की परत एकपासून सुरू. लेक म्हणते नऊ, आई चष्मा पुसून म्हणते तेरा, बायको म्हणते पोळ्या गार होतायत.

एकदा रात्री दोनला पाणी प्यायला उठलो आणि सहज मोबाईलचा टॉर्च मारला तर सगळे पांढरेफटक, निळं गायब, लाल गायब. गेले बिचारे! बायकोला उठवलं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडावं म्हणून कालपासून भरून ठेवलेली बादली ओढत आणली (ती आंघोळीची एकुलती एक मोठी बादली, त्यावरून घरात वेगळं महाभारत आहे), निम्मी टाकी उपसली आणि मग नेटवर वाचलं की अंधारात यांचा रंग उतरतोच, सकाळी लाइट लागला की थोड्या वेळात परत येतो. बायको त्यानंतर दोन दिवस फक्त 'हं' म्हणत होती.

मग शेजारच्या काकांनी प्रेमाने एंजल फिश दिला. रुपयाएवढा होता हो, गरीब चेहऱ्याचा! चार महिन्यांत तळहाताएवढा झाला आणि माझी मोजणी अकरा, दहा, नऊ अशी उतरायला लागली. मेलेला मासा कुठेच नाही. फिल्टर उघडून पाहिला, दगड उचलून पाहिले, सोफ्याखाली झाडू फिरवला. एंजल शांतपणे माझी धावपळ बघत होता, पोट जरा पुढे काढून. अमेझॉनच्या खोऱ्यात म्हणे हे दोघं शेजारीच राहतात, म्हणजे एक राहतो आणि दुसऱ्याला खातो.

काल एंजल दुकानदाराला परत देऊन आलो. घरी येऊन मोजले, सात. नीट, दोनदा, बोट लावून.

आईने चष्मा पुसला. म्हणाली, "तेराच आहेत की रे."