दोन इंची नळीचा आग्रह कशासाठी?

‘रोज बाळगायचं रिव्हॉल्व्हर दोन इंचीच हवं. नळी जितकी आखूड तितकं ते लपतं, आणि हातभर अंतरावरून झाडायचं तर लांब नळी हवीच कशाला? नेम तर सारखाच लागतो.’ हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की नवा माणूस डोळे झाकून सगळ्यात आखूड मॉडेल उचलतो. कमरेच्या पट्ट्यालाच बाळगणार असाल, तर तो मला साफ चुकीचा वाटतो.

आधी लपण्याचं बघू. कपड्यातून उठून दिसते ती मूठ, आणि सगळ्यात जाड असतं ते सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं. आतल्या होल्स्टरमध्ये नळी पँटच्या आत खाली जाते. ती २ ऐवजी ३ इंच झाली म्हणून शर्टाला फुगवटा येत नाही. उलट पट्ट्याखाली थोडी जास्त नळी असली, की वरच्या वजनाने रिव्हॉल्व्हर बाहेर कलत नाही आणि मूठ अंगालगत राहते. लपवायचंच असेल तर आधी मूठ लहान निवडा.

नेमाचं म्हणणं अर्धं खरं आहे. रिव्हॉल्व्हर शिकंज्यात आवळून झाडलं, तर आखूड नळीही गोळ्या नीट एका जागी टाकते. हातात धरलं की गोष्ट बदलते. समजा, पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेत १ मिलीमीटर बाजूला सरकली. दोन्ही साइट्समध्ये ९० मिलीमीटर अंतर असेल, तर १० मीटरवर गोळी ११ सेंटिमीटर चुकते. ११५ मिलीमीटर असेल तर ९ सेंटिमीटरपेक्षा कमी. चूक तीच, शिक्षा कमी. आणि घाबरलेल्या हाताने जड डबल अ‍ॅक्शन ट्रिगर (एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा) ओढताना साइट १ मिलीमीटर सहज सरकते.

या सल्ल्यात एका गोष्टीचा उल्लेखही नसतो, ती म्हणजे इजेक्टर रॉड, झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा. तो नळीखाली बसतो, त्यामुळे नळी आखूड की रॉडही आखूड. .३८ स्पेशल या अशा रिव्हॉल्व्हरच्या नेहमीच्या काडतुसाची पुंगळी जवळपास २९ मिलीमीटर लांब असते. छोट्या दोन इंचीचा रॉड पूर्ण दाबला तरी ती चेंबरमधून (सिलिंडरमधल्या भोकातून) पूर्ण बाहेर येत नाही. नळी वर करून तळहाताने रॉडवर जोरात फटका मारला तर बहुतेक पुंगळ्या पडतात. पण मुठीलगतची एखादी तिथेच अडकते आणि नखाने काढावी लागते. पाच गोळ्यांच्या शस्त्रात हा खोळंबा मला क्षुल्लक वाटत नाही. तीन इंचीत सहसा पूर्ण लांबीचा रॉड मावतो.

वेगाबद्दल थोडक्यात: इंचामागे साधारण २५ ते ५० फूट प्रतिसेकंद फरक पडतो. होलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळी लागल्यावर उमलायला वेग लागतो, म्हणूनच स्पीअर या काडतूस कंपनीने आखूड नळीसाठी १३५ ग्रेन वजनाची वेगळी गोल्ड डॉट गोळी काढली. काडतूस जपून निवडलं तर दोन इंचीचं हे उणं बरंचसं भरून निघतं. तिच्यात .३५७ मॅग्नमसारखं जास्त जोरकस काडतूस भरून ते भरून काढायला मात्र जाऊ नका. त्याची बरीचशी ताकद नळीबाहेर वाया जाते, आणि पदरी पडतो तो झोत, कानठळ्या आणि हाताला बसणारा हिसका.

खिशात किंवा घोट्याला बाळगायचं असेल, तर दोन इंचीला पर्याय नाही. झटापटीत आखूड नळी समोरच्याच्या हाती सहज लागत नाही, हेही खरं. पोटापुढे होल्स्टर लावून दिवसभर बसून काम करणाऱ्याच्या मांडीत लांब नळी रुतते. अशांनी तीन इंची घेण्याआधी ते रिकामं करून, होल्स्टरसकट लावून खुर्चीत बसून आणि बुटाची नाडी बांधून पाहावं.