‘हौशी’ म्हणालात म्हणून

(पावसाच्या खुल्या नोंदींवरच्या माझ्या लेखावर एका वाचकांनी लिहिलंय: “हौशी लोकांनी गच्चीवर डबे मांडून पूर थांबत नसतो. हे तज्ज्ञांचं काम आहे. नोंदी चुकल्या तर जबाबदार कोण? आणि आधी क्युसेक म्हणजे काय ते शिकून या.”)

नमस्कार.

क्युसेकबद्दल तुमचं बरोबर आहे. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे विसर्गाचा दर. मी त्यात धरणातला साठा लिहिला होता. दुरुस्त केलंय, आभार. पण ‘शिकून या’ ही काय बोलायची पद्धत झाली? तुमची-माझी ओळखसुद्धा नाही.

आता ‘हौशी’. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा माझी आजी पुण्यात नारायण पेठेत राहायची. दोन पोरांना घेऊन शेजारच्या माडीवर चढली म्हणून वाचली, घर गेलं. पुढे आयुष्यभर पावसाळा लागला की तिची कागदपत्रांची ट्रंक माळ्यावर जायची. अशा घरात वाढलेला माणूस हौस म्हणून पाऊस मोजत नाही.

आणि तो डबा नाही, पर्जन्यमापक आहे. धनकवडीत, गच्चीवर, टाकीपासून लांब. रोज सकाळी साडेआठला वाचतो, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि वक्र रेषेची खालची कड वाचायची. गावाला गेलो त्या दिवसांपुढे ‘नोंद नाही’ असं लिहिलंय, शून्य नाही. हा फरक कळतो त्याला हौशी म्हणायचं असेल तर म्हणा.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने सहकारनगर, अरण्येश्वर भागात काय केलं ते पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. हा ओढा येतो त्या कात्रजच्या डोंगरावर किती कोसळतंय हे शिवाजीनगर वेधशाळेच्या आकड्यावरून कळत नाही. त्यानंतर मी वही घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी ती न उघडताच परत दिली आणि तुमचाच शब्द वापरला.

अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सला जुलै १९९७ मध्ये असंच झालं होतं. गावाच्या एका बाजूला फूटभराहून जास्त पाऊस, दुसरीकडे बेताचा, आणि पुरात पाच जण गेले. तिथल्या विद्यापीठातल्या हवामानतज्ज्ञांनी १९९८ पासून घरोघरच्या लोकांकडून पाऊस मोजून घ्यायला सुरुवात केली. आज हजारो लोक मोजतात, नोंदी सगळ्यांना खुल्या असतात आणि तिथलं हवामान खातं त्या वापरतं. तुमच्या तज्ज्ञांनीच लोकांना बोलावलं, साहेब!

जबाबदारीचा मुद्दा इथे येतच नाही. इशारा खातंच देणार. पूर थांबेल असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा.

माझ्या सगळ्या नोंदी लेखाखाली आहेत, तारीखवार. त्यातली चुकलेली एक ओळ दाखवा, तुमच्या नावानिशी दुरुस्त करीन.