राखणीच्या बंदुकीचा हिशेब उडत्या तबकडीला लावू नका

क्ले शूटिंग म्हणजे मशीनने हवेत सोडलेल्या तबकड्या छर्‍याच्या बंदुकीने फोडायचा खेळ. तो सुरू करू पाहणाऱ्यांसाठी एक निरोप गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: "घरी बारा बोअरची दुनळी असेल तर नवी कशाला? नसेल तर हलकी घ्या, नवशिक्याला झेपते. पोरासाठी चारशेदहा बोअर. चोक फुल्लच पाहिजे, छर्रे एका जागी राहतात अन् जोरात लागतात. नळी जितकी लांब तितका लांब मार. काडतूस जाड छर्‍याचं अन् दणक्याचं. एक डोळा मिटा, माशीवर (नळीच्या टोकावरच्या मण्यावर) तबकडी धरा, चाप ओढा."

हे लिहिणारा अडाणी नाही. तुरीच्या वावरात मचाणावर बसून रोही अन् रानडुकरांपासून पीक राखणाऱ्याचा हा हिशेब आहे. तिथे निशाणा थांबलेला, अंतर ओळखीचं, बार एकच. तबकडीचं गणित वेगळं. तिचा व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम, आणि नाव क्ले असलं तरी ती मातीची नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पिच यांची असते. चाप ओढेपर्यंत ती जागेवर राहत नाही. या एका फरकामुळे निरोपातली जवळजवळ सगळी वाक्यं उलटतात. चोकपासून सुरू करू, कारण पैसे आणि तबकड्या सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

"चोक फुल्लच पाहिजे."

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेली आवळण. बारा बोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर असते. फुल चोकमध्ये ती तोंडाशी एक मिलिमीटरच्या आसपास आवळलेली असते, मॉडिफाइड म्हणजे हाफ चोकमध्ये अर्धा, इम्प्रूव्हड सिलिंडरमध्ये पाव, स्कीट चोकमध्ये त्याच्याही निम्मी, आणि सिलिंडरमध्ये शून्य. छर्रे 'जोरात' लागण्याशी या आवळणीचा संबंध नाही. ते किती पसरायचे, तेवढंच ती ठरवते. मोजायची जुनी रीत अशी: ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, ३० इंची वर्तुळात किती छर्रे पडले ते पाहायचं. सिलिंडरचे साधारण ४० टक्के, इम्प्रूव्हड सिलिंडरचे ५०, मॉडिफाइडचे ६०, फुलचे ७०.

आता अंतर बघा. स्कीटमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांतून तबकड्या आडव्या सुटतात त्या प्रकारात, तबकडी बहुतेक वेळा १८ ते २० मीटरवर फुटते. त्या अंतरावर फुल चोकचे छर्रे जेमतेम ४० सेंटिमीटरच्या वर्तुळात असतात, सिलिंडरचे ८० सेंटिमीटरच्या. रुंदी दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. स्कीटच्या मधल्या जागेवरून तबकडी आडवी जाते, सेकंदाला वीसेक मीटर या वेगाने. छर्‍यांना तिथवर पोचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. तेवढ्यात तबकडी एक मीटर पुढे गेलेली असते, म्हणून बार तिच्यावर काढायचा नसतो, तिच्या पुढच्या मोकळ्या जागेत काढायचा असतो. नवशिक्याचा हा एक मीटरचा अंदाज ३० सेंटिमीटरने चुकणं अगदी रोजचं आहे. सिलिंडर किंवा स्कीट चोक असेल तर तेवढ्या चुकीतही तबकडी वर्तुळाच्या आत सापडते. फुल असेल तर छर्‍यांचा गठ्ठा शेजारून निघून जातो, आणि शिकणाऱ्याला कळतही नाही की चूक पुढे झाली का मागे.

निरोपवाल्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये फुल चोकला जागा आहे. तिथे तबकड्या सोडणारी मशीनं खंदकात असतात, नेमबाज त्याच्या १५ मीटर मागे उभा असतो, तबकडी त्याच्यापासून दूर पळते आणि फुटेपर्यंत तिशीच्या पुढे, कधी ४० मीटरपर्यंत गेलेली असते. त्यात ती कडेने दिसते. हिशेब करून पाहा: २४ ग्रॅमच्या साडेसात नंबरच्या काडतुसात सुमारे ३०० छर्रे (नंबर छर्‍याच्या जाडीचा; नंबर मोठा तसा छर्रा बारीक). साडेछत्तीस मीटरवर फुल चोकने त्यातले २१० वर्तुळात आले. वर्तुळ साडेचार हजार चौरस सेंटिमीटरचं, कडेने दिसणारी तबकडी पंचवीसेक चौरस सेंटिमीटरची. तिच्या वाट्याला सरासरी एक छर्रा येतो. सरासरी एक म्हणजे कधी तीन, कधी शून्य. इतक्या लांब आणखी पसरवून परवडत नाही, म्हणून ट्रॅपमध्ये पहिल्या बाराला मॉडिफाइड आणि दुसऱ्याला फुल ही जोडी बरोबर आहे. पण शिकवणीच्या पहिल्या महिन्यांत मशीन हळू लावतात, तबकडी सरळ सोडतात. तिथे इम्प्रूव्हड सिलिंडर आणि मॉडिफाइड पुरतात. स्कीटला दोन्ही नळ्यांत स्कीट चोक. म्हणजे आधी खेळ ठरवा, मग चोक.

दोन्ही खेळ करून पाहायचे असतील तर पेचाचे, म्हणजे नळीच्या तोंडात फिरवून घालता-काढता येणारे, चोक असलेली बंदूक घ्या. तिच्यासोबत बहुधा चोकची पाच नळकांडी येतात. कित्येक बनावटींत काठावर खाचा असतात; एक खाच म्हणजे फुल, खाचा वाढतील तशी आवळण कमी, पाच म्हणजे सिलिंडर. सगळ्या कंपन्यांची खूण एक नसते, म्हणून पुस्तिका पाहा. एका बनावटीचं नळकांडं दुसरीत 'बसलं' तरी वापरू नका. नळकांडं न लावता बार काढू नका, आटे खराब होतात. दर २५ बारांनंतर बंदूक कब्ज्यावर उघडून, रिकामी असल्याची खात्री करून, चावीने पेच पाहा. ढिलं राहिलेलं नळकांडं छर्‍यांच्या रेट्याने फुगतं आणि मग नळीतून निघत नाही. आट्यांना ग्रीसचा पातळ हात हवा, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन महिन्यांत ते गंजून चिकटतं.

चोकवर काय लिहिलंय यापेक्षा कागद काय सांगतो ते महत्त्वाचं. रेंजवर, प्रशिक्षकासमोर, सव्वा मीटर चौरस कागद उभा करा. वर्तमानपत्रं मैद्याच्या खळीने जोडली तरी चालतात. मध्ये मोठा काळा ठिपका काढा आणि जिथे तबकडी फोडायची आहे त्याच अंतरावरून एक बार काढा. छर्‍यांचा जिथे दाट पुंजका दिसेल त्याला मध्य धरून, खिळा आणि ३८ सेंटिमीटर दोरी घेऊन वर्तुळ काढा, आतली भोकं मोजा. असे पाच कागद करा, कारण एका कागदावरून काहीच ठरत नाही. पाचही पुंजके ठिपक्याच्या एकाच बाजूला गेले तर दोष चोकचा नाही. तो दस्त्याचा (खांद्याला लावायच्या लाकडी भागाचा) किंवा तुमच्या डोळ्याचा असतो. त्याकडे शेवटी येऊ.

"घरची दुनळी असेल तर नवी कशाला?"

पहिली अडचण कायद्याची. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याने वापरायची. बापाच्या परवान्यावर मुलाने क्ले खेळायला जाणं शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये बसत नाही. परवाना कोणत्या कामासाठी आणि कोणत्या भागापुरता आहे तेही त्याच्यावर लिहिलेलं असतं, त्यामुळे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक एसटीत घालून दुसऱ्या जिल्ह्यातल्या रेंजवर नेता येत नाही. शिकायला क्लबची बंदूक, तिथेच, प्रशिक्षकाच्या नजरेखाली वापरणं सोपं आणि स्वस्त पडतं.

दुसरी अडचण चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागाची, आणि ती जिवाशी खेळणारी आहे. जुन्या कित्येक दुनळ्यांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं. आजची बहुतेक काडतुसं ७० ची. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं, कारण हा आकडा बार झाल्यानंतर उलगडलेल्या खोळीचा असतो. भरलेलं काडतूस त्याहून आखूड असतं. बार होताना खोळीचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. "बसलं म्हणजे चालतं" हे इथे खरं नाही. चेंबरचं माप नळीखाली ठोकलेलं असतं. नसेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून मोजून घ्या. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वळणं दिसत असतील तर ती जुनी दमास्कस नळी असू शकते. तिच्यात आजचं काडतूस घालू नका.

बंदूक परवान्यात बसत असेल आणि चेंबरही ठीक असेल, तरी एवढं तपासा: पुढचा लाकडी भाग काढा, दस्त्याच्या मुठीला धरून हलवा, टकटक आवाज आला तर कब्जा ढिला आहे. नळ्या वेगळ्या करून आकड्यावर टांगा आणि बोटाच्या पेराने वाजवा. घंटेसारखा नाद घुमला तर ठीक. मातीच्या फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर नळ्यांमधली पट्टी सुटली आहे. हे सगळं पास झालं तरी उजव्या नळीत हाफ आणि डावीत फुल असे कायमचे चोक असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचं काय होतं ते वर आलंच.

नवी घ्यायची तर वरखाली नळ्यांची, एकाच चापाची. खालच्या नळीचा पहिला बार खांद्याच्या रेषेत धक्का देतो, तोंड कमी उसळतं, दुसरा बार लवकर काढता येतो. अर्धस्वयंचलित बंदुकीचा धक्का आणखी मऊ असतो हे खरं, पण आपल्याकडे ती साध्या परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे परदेशी व्हिडिओंतला तो सल्ला सोडून द्या.

"हलकी घ्या, पोरासाठी चारशेदहा."

काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या उलट चालते. ३.४ किलोच्या जागी २.७ किलोची घेतली की धक्का सव्वापट. त्यात २४ ग्रॅमऐवजी ३२ ग्रॅमचं काडतूस घातलं की तो दुपटीवर जातो. एका दिवसात ७५ बार काढायचे असतात. तिसाव्या बाराला खांदा आधीच आक्रसतो, मान वर येते आणि बार तबकडीवरून जातो. मग चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची सवय लागते, ती मोडायला महिने जातात. बंदूक सव्वातीन ते साडेतीन किलोची आणि काडतूस २४ ग्रॅमचं ठेवा.

चारशेदहाची नळी बाराहून बरीच बारीक. तिच्यात धक्का कमी, पण छर्रेही कमी: १४ ग्रॅमच्या काडतुसात साडेसात नंबरचे १७० च्या आसपास. ती हात बसलेल्या माणसाची बंदूक आहे. बारीक अंगाच्या मुलामुलींना वीस बोअर (बारापेक्षा थोडी बारीक नळी) बरी, किंवा दस्ता आखूड करून घेतलेली बारा बोअर.

नळीच्या लांबीवर फार बोलायला नको. दारू पहिल्या चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरमध्ये जवळजवळ जळून गेलेली असते. त्यापुढच्या लांबीने छर्‍यांच्या वेगात नाममात्र फरक पडतो. लांब नळी डुलत नाही, एकसारखी फिरते, म्हणून ७१ ते ७६ सेंटिमीटर.

"जाड छर्‍याचं काडतूस."

आंतरराष्ट्रीय नियमात काडतूस २४ ग्रॅमचं आणि छर्रा जास्तीत जास्त २.६ मिलिमीटरचा. साडेसात नंबरचा छर्रा २.४ चा, नऊ नंबरचा २ चा. ट्रॅपला साडेसात, स्कीटला नऊ. चार नंबर घेतलं तर ३०० छर्‍यांचे १४० होतात, जाळं फाटकं होतं आणि तबकडी भोकातून निघून जाते. शिवाय साडेसातचा छर्रा १९० मीटरच्या आसपास थांबतो, चारचा अडीचशेच्या घरात जातो. रेंजची मोकळी जागा बारीक छर्‍याच्या हिशेबाने आखलेली असते, म्हणून राखणीचं काडतूस खिशात घेऊन तिथे गेलात तर परत पाठवतील, आणि ते योग्यच आहे. मे महिन्यात काडतुसांचा डबा गाडीत तापू देऊ नका. तबकड्याही सावलीत ठेवा. ४५ अंशांत पिच मऊ पडतो, छर्रा आरपार जातो आणि तबकडी फुटत नाही.

"एक डोळा मिटा, माशीवर तबकडी धरा."

माशी पाहायला गेलात की नजर एक मीटरवर येते, तबकडी धूसर होते आणि बंदूक फिरायची थांबते. बार मागे पडतो. दोन्ही डोळे उघडे, नजर तबकडीच्या पुढच्या कडेवर, बंदूक चाप ओढल्यानंतरही फिरती. त्याआधी प्रभावी डोळा कोणता ते पाहा: दोन्ही तळव्यांची छोटी खिडकी करा, दोन्ही डोळ्यांनी दूरच्या खांबाकडे पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खांब खिडकीतच दिसतो तो प्रभावी. उजव्या खांद्याचा माणूस आणि डावा डोळा प्रभावी असेल तर एकतर खांदा बदला, नाहीतर चष्म्याच्या डाव्या काचेवर माशी झाकेल एवढा धुरकट टेपचा तुकडा लावा.

या खेळात मागची माशी म्हणजे तुमचा डोळाच, आणि तो कुठे येतो ते दस्ता ठरवतो. म्हणून बंदूक पसंत करताना दुकानात हे करा: रिकामी असल्याचं दोघांनी पाहून घ्या, डोळे मिटा, बंदूक गालाला आणि खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी अगदी किंचित, तिच्या टोकाला माशी दिसली तर दस्ता जमला. पट्टी रस्त्यासारखी चढत गेलेली दिसली तर दस्त्याचा माथा उंच आहे. पट्टी गायब होऊन फक्त बंदुकीची पाठ दिसली तर तो खाली आहे. चापावरच्या हाताचा अंगठा आणि नाक यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहायला हवं. माथा खाली असेल तर लगेच सुताराकडे धावू नका. गाल टेकतो तिथे चिकटपट्टीचे थर एकेक करून द्या आणि दर थरानंतर कागदावर बार काढा. तीन मिलिमीटर चढवलं की ३५ मीटरवर पुंजका दहाएक सेंटिमीटर वर जातो. स्कीटसाठी पुंजका ठिपक्यावर निम्मा-निम्मा बसला की थांबा. ट्रॅपसाठी निम्म्याहून थोडा जास्त वर राहिला तर चांगलं, कारण ती तबकडी चढतीच असते.